अजून पंख्याच्याच विमानावर का रं?

गेल्या उन्हाळ्यात जिंतूरला एका लग्नात आमच्या तात्यांनी माझ्या भाच्याला भर पंगतीत गाठलं. "काय रं, अजून पंख्याच्याच विमानावर हायेस का? मोठं कवा देणार तुला?" भाचा एटीआर ७२ या दोन पंख्यांच्या विमानावर फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक आहे. तो नुसता हसला आणि ताटातली बुंदी संपवत राहिला. तात्यांचं गणित सरळ होतं. एसटीच्या ड्रायव्हरला आधी खेड्याची गाडी मिळते, मग लांब पल्ल्याची, मग शिवनेरी. विमानाचंही तसंच असणार.

तात्यांचं अर्धं बरोबर आहे, आणि उरलेल्या अर्ध्यासाठी हा लेख. मी स्वतः वैमानिक नाही. तीस वर्षं परभणीत अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवलं. पण भाच्याच्या फीसाठी बहिणीनं चार एकर रान गहाण ठेवलं, तेव्हापासून या धंद्याची खडान्‌खडा माहिती काढायची खोड लागली. आता हिंगोलीपासून धाराशिवपर्यंत कुणाकुणाचे फोन येतात, "सर, पोराला पायलट करायचंय." प्रत्येकाला तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून टाकलेलं बरं.

सुरुवात सगळ्यांची सारखीच. बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित, डोळ्यांपासून हृदयापर्यंत वैद्यकीय तपासणी, डीजीसीए या विमान वाहतुकीच्या सरकारी खात्याचा कॉम्प्युटर नंबर, म्हणजे परीक्षेसाठीची नोंदणी, मग नेव्हिगेशन, हवामान, हवाई नियम, विमानाची तांत्रिक बाजू असे पेपर. प्रत्येकात ७० टक्के पाहिजेत. सोबत २०० तासांचं उड्डाण. त्यातले १०० तास विमानाची जबाबदारी एकट्यावर. एक फेरी ३०० नॉटिकल मैलांची, म्हणजे साधारण साडेपाचशे किलोमीटरची असते आणि वाटेत दोन वेगळ्या विमानतळांवर उतरून पूर्ण थांबावं लागतं. यातलं बहुतेक उड्डाण सेसना १७२ सारख्या एका इंजिनाच्या विमानावर होतं. ते पूर्ण भरलं तरी अकराशे किलोच्या आसपास, म्हणजे माणसं आणि सामान भरलेल्या स्विफ्टपेक्षा हलकं. शेवटी काही तास दोन इंजिनांच्या छोट्या विमानावर, आणि बाहेर न बघता नुसत्या यंत्रांवर उडण्याची परीक्षा. एवढं झालं की हातात कमर्शियल पायलट लायसन्स पडतं.

भाच्याला संस्थेनं चौदा महिने सांगितले होते, लागले सव्वीस. कधी विमान दुरुस्तीला, कधी प्रशिक्षक दुसरीकडे गेलेला, आणि पावसाळ्यात ढग इतके खाली की आठवडा-आठवडा हँगरच्या दारात बसून राहायचं. घरून पैसे मागताना त्याचा आवाज बारीक व्हायचा. माहितीपत्रकावर छापलेल्या महिन्यांची निदान दीडपट करून कर्जाचा हप्ता मांडा, एवढंच यावर सांगतो.

लायसन्स मिळालं म्हणजे कुठलंही विमान उडवता येतं, हा पहिला गैरसमज. कायद्याच्या हिशेबात ५७०० किलोंच्या वरचं विमान मोठं. अशा प्रत्येक जातीच्या विमानासाठी वेगळी परवानगी लागते, तिला टाइप रेटिंग म्हणतात. काही आठवडे वर्ग, मग सिम्युलेटर म्हणजे जमिनीवरचं नकली कॉकपिट, मग परीक्षा. एअरबसच्या ३१९, ३२० आणि ३२१ ला एकच रेटिंग चालतं, कारण कॉकपिट एकच, फक्त धड कमी-जास्त लांब. पण एटीआरवाल्याला उद्या बोइंग ७३७ वर जायचं तर पुन्हा पाटी कोरी. हजारो तासांचा कॅप्टनसुद्धा नव्या जातीवर आला की विद्यार्थ्यासारखा वही घेऊन बसतो.

दुसरा गैरसमज तात्यांचा: छोट्यावरून मोठ्यावर अशी ठरलेली पायरी असते. आपल्याकडे ती सक्तीची नाहीच. भारतात २०० तासांचा पोरगा टाइप रेटिंग करून थेट १८० सीटच्या एअरबस ३२० च्या उजव्या, म्हणजे सहवैमानिकाच्या खुर्चीत बसतो, आणि असे शेकडो बसले आहेत. अमेरिकेत मात्र पायरी आहे. २००९ साली बफेलो शहराजवळ एक छोटं प्रवासी विमान कोसळलं, त्यानंतर तिथं सहवैमानिकालाही साधारण १५०० तासांची अट आली. तिथली पोरं म्हणून आधी फ्लाइंग स्कूलमध्ये शिकवतात, मग छोट्या गावांच्या मार्गावर उडतात, आणि मग मोठ्या कंपनीत जातात. गंमत अशी की बफेलोच्या त्या विमानातल्या दोघांकडेही १५०० पेक्षा जास्त तास होते. तासांच्या आकड्यावर माझा फार विश्वास नाही, तो तिथपासून.

आता माझा विषय. विमान मोठं झालं की नेमकं काय अवघड होतं?

गतिज ऊर्जा म्हणजे अर्धा एम व्ही वर्ग, हे बारावीत पाठ केलेलं कुणी विसरलं असेल तर परत आठवा. सेसना उतरते ताशी १२० किलोमीटरच्या आसपास. एटीआर २२ टनांचं, उतरतं साधारण २०० च्या वेगानं. वस्तुमान वीसपट झालं, वेग पावणेदोनपटही नाही, पण वेगाचा वर्ग होतो. म्हणून ऊर्जा पन्नासपटीच्या वर जाते. एअरबस ३२० सहासष्ट टनांपर्यंत वजन घेऊन अडीचशेच्या वेगानं टेकतं, म्हणजे एटीआरच्या आणखी साडेचारपट. बोइंग ७७७ चं लांब मॉडेल अडीचशे टन घेऊन टेकतं, ते पुन्हा एअरबसच्या साडेचारपटीच्या आसपास. ही सगळी ऊर्जा ब्रेक, पंखांवर उभ्या राहणाऱ्या फळ्या (स्पॉयलर) आणि इंजिनाचा उलटा जोर यांनी दोन-अडीच किलोमीटरमध्ये जिरवायची.

हे गणित आपल्या भागात समजावायला फार सोपं आहे. गळिताच्या हंगामात दोन ट्रॉल्या लावलेला उसाचा ट्रॅक्टर बघा. त्याचा ड्रायव्हर रिकाम्या ट्रॅक्टरवाल्यापेक्षा हुशार असतोच असं नाही, पण तो ब्रेक समोरच्या खड्ड्याला लावत नाही, पुढच्या वळणाला लावतो. सगळं आधी करावं लागतं. मोठ्या विमानाचा वैमानिक असाच विमानाच्या पुढं राहून विचार करतो.

उतरायचंच घ्या. ढोबळ हिशेब असा की दर हजार फूट उंचीला तीन नॉटिकल मैल धरायचे. ३६ हजार फुटांवर असाल तर १०८ मैल, म्हणजे २०० किलोमीटर आधी खाली यायला सुरुवात. दिल्लीहून छत्रपती संभाजीनगरला येणारं जेट साधारण बऱ्हाणपूरच्या आसपास, सातपुड्यावर असतानाच चिकलठाणा विमानतळासाठी खाली यायला लागलेलं असतं. प्रवासी तेव्हा चहाचा कप परत देत असतात. वैमानिकाला उशीर झाला तर जेट सहजासहजी खाली येत नाही. पंख मागं वळलेले, अंग गुळगुळीत, घसरगुंडीवर बसल्यासारखं ते पुढं पळत राहतं. उंची कमी करायला नाक खाली करावं तर वेग वाढतो, वेग कमी करावा तर उंची उरते.

एटीआरला ही सोय आहे की पंखा स्वतःच ब्रेक होतो. पॉवर काढली की ती मोठी पाती हवेला आडवी येतात आणि विमान पटकन मंदावतं. पॉवर दिली की पंख्याचा वारा थेट पंखांवर आदळतो आणि उचल लगेच मिळते. जेटचं इंजिन मंद असताना पूर्ण जोर मागितला तर तो यायला पाच-सहा सेकंद जातात. जमिनीपासून दीडशे फुटांवर ते सेकंद फार मोठे वाटतात. म्हणून जेटमध्ये उतरताना इंजिन पूर्ण मंद होऊ न देण्याची शिस्त आधी अंगी बाणवतात.

विमान जमिनीवरून उचलणं हेही वजनाबरोबर नाजूक होत जातं. ठरलेल्या वेगाला, ठरलेल्या गतीनं नाक उचलायचं. लवकर उचललं तर शेपूट घासते, उशिरा उचललं तर धावपट्टी संपते. संभाजीनगरच्या जुन्या लोकांना याचं उदाहरण द्यावं लागत नाही. २६ एप्रिल १९९३ ला इंडियन एअरलाइन्सचं बोइंग ७३७ चिकलठाण्याहून मुंबईला निघालं. धावपट्टीच्या पलीकडं बीड रस्ता होता आणि त्यावरून कापसाच्या गाठी भरलेला ट्रक चालला होता. विमान जेमतेम उचललं गेलं होतं, ते ट्रकला धडकलं, पुढं विजेच्या तारांना लागून कोसळलं. ११८ पैकी ५५ माणसं गेली. चौकशीत दोन गोष्टी निघाल्या: नाक उशिरा आणि चुकीच्या पद्धतीनं उचललं गेलं, आणि उड्डाणाच्या वेळी रस्त्यावरची वाहतूक थांबवली नव्हती. वर्गात कोनीय वेग शिकवताना मी ही घटना सांगायचो. पोरं एकदम गप्प व्हायची, कारण त्या रस्त्यानं प्रत्येकजण गेलेला असायचा.

मग एटीआर सोपं, असं म्हणायचं का? भाच्यानं मला एकदा चिकलठाण्याच्या कंपाउंडबाहेर उभं करून दाखवलं. एटीआर येऊन थांबलं. लोक मागच्या दारानं उतरायला लागले. डाव्या बाजूचा पंखा थांबला, उजव्या बाजूचाही थांबला. पण उजवीकडून इंजिनाचा आवाज चालूच.

"मामा, ते इंजिन चालू आहे बरं का. फक्त पंख्याला ब्रेक लावलाय."

"कशाला?"

"मोठ्या विमानाच्या शेपटीत जमिनीवरच्या विजेसाठी वेगळं छोटं इंजिन असतं. आमच्याकडं ते नाही. म्हणून याच इंजिनावर दिवे आणि एसी चालवायचा. हॉटेल मोड म्हणतात."

सहा पात्यांचा तो पंखा गप्प उभा आणि त्याच्या मागं इंजिन घरघरतंय, हे मी दहा मिनिटं बघत राहिलो. एटीआरमध्ये अशा बऱ्याच गोष्टी वैमानिकाच्या हातावर सोडलेल्या असतात. वेग आपोआप सांभाळणारं ऑटोथ्रॉटल त्यात नाही, पॉवर हातानंच कमी-जास्त करायची. नाक वर-खाली करायचा दांडा ओढला की केबल ओढली जाते, ताकद लागते. एअरबस ३२० मध्ये बाजूला एक छोटी काठी असते, ती संगणकाला सांगते आणि संगणक पंखांना. शिवाय एटीआर २५ हजार फुटांच्या वर जात नाही, म्हणजे जून-जुलैत ज्या ढगांवरून जेट निघून जातं त्याच ढगांच्या पोटात याला फिरावं लागतं. पंखांवर बर्फ धरण्याचा धोका तिथंच. आणि दिवसाला चार-चार फेऱ्या, म्हणजे चार वेळा उतरणं. भाच्याच्या बॅचचा एक जण थेट एअरबसवर लागला. दोघं भेटले की तो उंचीच्या गोष्टी सांगतो, भाचा धावपट्ट्यांच्या.

आता उलट टोकाला जाऊ. बोइंग ७७७ चं लांब मॉडेल उड्डाणाच्या वेळी ३५१ टनांपर्यंत असतं. पुढच्या चाकापासून मागच्या मुख्य चाकांपर्यंतचं अंतर एकतीस मीटर. जमिनीवर वळताना वैमानिक पिवळ्या रेघेवर वळला तर मागची चाकं गवतात जातील, म्हणून नाक रेघेच्या बरंच पुढं नेऊन मग वळवायचं. पुन्हा आपली दोन ट्रॉल्यांची गाडी, कोपऱ्यावर रुंद वळण घेणारी. अशा विमानावर दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला जायचं तर सोळा तासांच्या आसपास प्रवास. वैमानिक चार, दोघं उडवतात, दोघं मागं बंकवर झोपतात. महिन्यात तीन-चार फेऱ्या, आणि उतरवणं चौघांत एकाच्याच वाट्याला. नियम असा की ९० दिवसांत निदान तीन वेळा उड्डाण-उतरणं झालं पाहिजे. मोठ्या विमानावरच्या काहींना तेवढंही भरत नाही, मग ते सिम्युलेटरमध्ये जाऊन पुरं करतात. तात्यांना हे सांगितलं तेव्हा त्यांचा विश्वास बसला नाही. "म्हंजी मोठ्या विमानावर कमी उडवायला मिळतं?" हात लावायला कमी मिळतं, हो. त्याऐवजी समुद्रावर इंजिन बंद पडलं तर किती मिनिटांत कुठल्या विमानतळावर पोचता येईल, इंधन किती, तिथली हवा कशी, हे डोक्यात सतत चालू असतं.

म्हणजे विमानाचा आकार ही एक शिडी झाली. खरी शिडी दुसरी आहे, खुर्चीची. ती बाहेरून दिसत नाही म्हणून लग्नात कुणी विचारत नाही.

कॉकपिटमध्ये उजवी खुर्ची फर्स्ट ऑफिसरची, डावी कॅप्टनची. खांद्यावर तीन पट्ट्या आणि चार पट्ट्या. उजवीकडचा काही क्लीनर नव्हे. बहुतेकदा एक फेरी एक जण उडवतो, दुसरा रेडिओ सांभाळतो आणि त्याच्यावर लक्ष ठेवतो, पुढच्या फेरीला अदलाबदल. पण इंधन जास्त घ्यायचं का, लातूरवर वादळ आहे तर वळसा घालायचा का, प्रवासी आजारी आहे तर कुठं उतरायचं, यावर शेवटचा शब्द डावीकडचा. कॅप्टन व्हायला एटीपीएल नावाचं वरचं लायसन्स लागतं. त्याला वय २१ आणि उड्डाण १५०० तास. वर्षाला हजार तासांपेक्षा जास्त उडायला बंदी आहे, म्हणून तेवढे भरायलाही वेळ जातो. वर प्रत्येक कंपनीची स्वतःची अट, ती बहुधा याहून बरीच जास्त. मग सिम्युलेटर, आणि प्रशिक्षकाला उजवीकडं बसवून डावीकडून खऱ्या फेऱ्या.

हे कधी मिळेल ते हुशारीवर कमी आणि सीनियॉरिटी नंबरवर जास्त ठरतं. कंपनीत रुजू झालेल्या तारखेवरून हा नंबर पडतो. कंपनी नवी विमानं घेत असेल तर चार-पाच वर्षांत डावी खुर्ची, थांबली असेल तर दहा. कंपनी बदलली की बहुतेक ठिकाणी नंबर परत तळाशी. १७ एप्रिल २०१९ ला जेट एअरवेज बंद पडली तेव्हा वीस-वीस वर्षांच्या नंबरांचं एका रात्रीत पाणी झालं. पुढच्या वर्षी कोविड, आणि मे २०२३ मध्ये गो फर्स्ट ही कंपनीही बंद पडली. आपला पोरगा कुठल्या विमानावर आहे यापेक्षा कुठल्या कंपनीत, कितव्या नंबरवर आहे, हे विचारा, असं मी आईबापांना म्हणतो. त्यांना ते फारसं आवडत नाही.

आता या दोन शिड्या एकमेकांत अडकतात तिथं खरा पेच पडतो. भाच्याला यंदा कंपनीनं दोन वाटा दिल्या. एक, एअरबसवर जा, पण उजवीकडंच, आणि कॅप्टनपदाच्या रांगेत काही वर्षं थांब. दोन, एटीआरवरच राहा, लवकर डावी खुर्ची मिळेल. एअरबसचा पगार फर्स्ट ऑफिसर म्हणूनही बरा. पुढं एअरबस ३३० किंवा ३५० वर जायचं तर ३२० वाल्याला छोटा कोर्स पुरतो, कारण कॉकपिटची मांडणी सारखी ठेवलेली आहे. एटीआरवाल्याला तो फायदा नाही. उलट, डावीकडच्या तासांना बाजारात वेगळी किंमत असते. वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, पावसाळ्यात, छोट्या धावपट्टीवर सत्तर माणसं घेऊन स्वतः निर्णय घेतलेला माणूस पुढं कुठल्याही विमानावर जाताना तो निर्णय सोबत नेतो. माझं मत पहिल्यापासून एटीआरच्या डाव्या खुर्चीचं. बहिणीचं मत एअरबसचं, कारण तिच्या डोळ्यांपुढं गहाणखत. तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही.

पैशाचं निघालंच आहे तर एक रोखठोक. कमर्शियल लायसन्सचाच खर्च हल्ली पन्नास-साठ लाखांच्या पुढं जातो, आणि नोकरी हातात नसताना आणखी पंधरा-वीस लाख घालून स्वतःच्या खर्चानं टाइप रेटिंग करून ठेवा, असा सल्ला देणारे दलाल फार झालेत. काहींना त्याचा फायदा झाला, नाकारत नाही. पण रेटिंग एका जातीच्या विमानाचं असतं. तुम्ही एअरबसचं करून बसलात आणि भरती बोइंगवाल्यानं किंवा एटीआरवाल्यानं काढली, की तो कागद ट्रंकेत. शिवाय वापर नसला की रेटिंग गंजतं, पुन्हा सिम्युलेटर आणि पुन्हा पैसे. कंपनीनं निवडून, बाँड लिहून घेऊन करून दिलेलं रेटिंग महाग वाटलं तरी शेवटी स्वस्त पडतं. पोरानं एक वर्ष प्रशिक्षक म्हणून दुसऱ्यांना सेसना शिकवत काढलं तरी चालेल. तास वाढतात आणि हात राहतो.

भाच्यानं शेवटी मला किंवा आईला न विचारता एटीआरची डावी खुर्ची निवडली. त्याचं कॅप्टनचं प्रशिक्षण चालू झालं त्या रात्री फोन आला.

"मामा, आज पहिलं सिम्युलेटर झालं."

"कसं गेलं? इंजिन बंद पाडलं असेल."

"ते जमलं. आग लावली तीपण जमली. टॅक्सी करताना, म्हणजे विमान जमिनीवर चालवताना, पिवळी रेघ सोडून गवतात गेलो."

मला आधी कळेना. मग त्यानं सांगितलं. एटीआरमध्ये जमिनीवर विमान वळवायचं छोटं चाक, टिलर, फक्त डाव्या बाजूला असतं. अडीच हजार तास आकाशात काढले होते, पण ते चाक त्याच्या हातात त्या दिवशी पहिल्यांदा आलं.